दोन बोटं फट

नरसय्यांनी आधी खिडकी बघितली,
मग भट्टी.
साखर पेठेतली मागाची शेड, माग गेले,
भिंतीला सुताचा कोंडा अजून चिकटलेला,
आणि कोपऱ्यात माझी ही लोखंडी ट्रंकेएवढी भट्टी,
आत पांढऱ्या विटा, विटांत तारेची वेटोळी.
"वरचं तावदान काढून टाका, बाई.
लावता येतंय म्हटल्यावर थंडीत माणूस लावतंयच."

एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस.
पत्र्याचा पाइप छताखालून बाहेर नेला,
मग शेजारच्या गच्चीवर अंबव्वाचे सांडगे दिसले
म्हणून आणखी एक कोपर जोडून
तोंड रस्त्याकडे फिरवलं.
त्याचे पैसे घेतले नाहीत. पाइपचे घेतले.

पहिले चार तास झाकणाखाली विटेचा तुकडा,
दोन बोटं फट.
माती वाळली असं आपण म्हणतो,
तिला विचारत नाही.
भोकापासून वीतभर लांब
मी हँडल तुटलेला माझा आरसा धरला.
कपाळ धुरकटलं, डोळे गेले,
मग हळूहळू मी परत आले.
"आहे अजून पाणी," ते म्हणाले.
तिसऱ्या वेळी मी आरशात गेलेच नाही.
तेव्हा झाकण बसवलं. वरचं भोक उघडंच.

चारशेच्या पुढं वास सुटला,
विझलेल्या काडेपेटीचा, करपलेल्या मुळांचा,
होटगीच्या गाळात जे जे कुजून बसलं होतं त्याचा.
मी पदर नाकाला लावला.
"पदर नको, आपणच बाहेर व्हायचं.
आणि ह्याला काय भ्यायचं, हा सांगून येतोय.
भ्यायचं ते वास नसलेल्याला."

मग कट्ट्यावर बसून राजेशमचं सांगितलं.
जानेवारी, रात्रपाळी, शेगडी आत ओढलेली,
दाराखालच्या फटीत त्यानंच कोंबलेलं गोणपाट.
"सकाळी गाल असे गुलाबी,
लग्नातसुद्धा एवढा चांगला दिसला नव्हता."
एवढं बोलून ते उठले
आणि तावदान नसलेल्या खिडकीत
हात घालून वारा बघून आले.

हजार चाळीसला बटण खाली.
वास कधीच संपलेला, आता भोकात बूच.

गेल्या महिन्यात मी तीनशेलाच झाकण उचललं होतं.
शेंगाचटणीच्या वाट्या, खानावळीच्या, बेचाळीस.
सात रस्त्यावरून आलेला गार वारा आत उतरला
आणि टण्.
मग थोडं थांबून पुन्हा टण्.
एकेक करून, हजेरी घेतल्यासारखं.

"आगु," नरसय्या म्हणतात. थांब.
मराठीत म्हटलं की मी ऐकत नाही
हे त्यांना कळलंय.
पाचशे त्र्याहत्तरला मातीतली वाळू कूस बदलते,
तेव्हा तिला हात लावायचा नाही,
वारासुद्धा नाही.
मी चहा केला. आकडा चारशे ऐंशी.
मी चिखलाची बादली धुतली. चारशे साठ.
विजापूर वेशीकडून कुठलं तरी बँड पथक गेलं.
चारशे एकावन्न.
"घरी जावा, बाई. बघत बसून दूध उतू जायचं थांबत नाही,
आणि भट्टी निवत नाही."
इथं कुणी झोपायचं नाही. कुलूप मीच लावलं.

सकाळी शहाण्णव.
चामड्याचे हातमोजे, सुती साडी,
झाकणाखाली परत तोच विटेचा तुकडा,
दोन बोटं.
आतून टिंग. टिंग टिंग.
माझा जीव वर.
"काचेचं बोलणं आहे ते, फुटण्याचं नाही,"
म्हणाले, पण कान त्यांनीही लावला होता.

दहा वाजता पहिली वाटी हातात घेतली.
तव्यावरून उतरून घटकाभर झालेल्या भाकरीइतकी ऊन.
बेचाळीसपैकी एक तडकली होती, तळाशी, केसाएवढी.
ती नरसय्यांनी खिशातल्या रुमालात बांधली,
विडीच्या राखेला होईल म्हणून.

तावदानाच्या जागी हल्ली एक पारवा बसतो.
घाण करतो, तरी मी हाकलत नाही.
भट्टी लावली की अधूनमधून
वर बघते.