झारेकरी

पुण्याहून संपादकांचा निरोप होता:
आतली माणसं गाठा. बाहेरचे सगळेच बोलतात.

म्हणून पौषातल्या एका रात्री, पावणेअकराला,
सराफ्यात चारुहास मुंगीची वाट बघत उभी राहिले.
सोन्याची दुकानं मिटलेली,
त्यांच्याच पायऱ्यांवर गराडू तळले जात होते.

तो आला. कानटोपी, पाठीवर ऑफिसची सॅक,
सुपर कॉरिडॉरवरून थेट.
"रेकॉर्ड करा, पण कंपनीचं नाव नको,
अपन नंतर अडकतो."
इंदुरी मराठीत 'आपण'चं असं 'अपन' होतं,
आणि त्यात कोण कोण येतं
ते विचारायचं नसतं.

नऊ वर्षं एकच काम केलं, म्हणाला,
लोकांच्या टाळ्या अडवून धरायच्या.
कुणी फोटो टाकला, चाळीस जणांना आवडला,
तर चाळीस एकदम द्यायचे नाहीत.
सात आत्ता. मग थोडं कोरडं जाऊ द्यायचं.
माणूस फोन ठेवून आंघोळीला निघाला की अकरा.

"आंघोळीला निघाला हे कसं कळतं?"

तो हसला. गराडूवर लिंबू पिळलं.
"ताई, रोज त्याच वेळी निघतो ना तो."

कढईवरची नजर न काढता गराडूवाला म्हणाला,
"यात काय नवं, भिया?
पहिला घाणा मी मुद्दाम सावकाश काढतो.
चार उभे राहिले की पाचवा आपोआप येतो."

चारुहास गप्प झाला.
इतक्या वर्षांचे तक्ते, प्रयोग,
अर्ध्या शहराएवढी माणसं या गटात, अर्ध्या शहराएवढी त्या,
आणि ह्याला ते तेलाच्या बुडबुड्यांवरून ठाऊक.
"पण हा दोनला बंद करतो," तो हळूच म्हणाला.
"आमच्याकडे बंद करणं
कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं."

वाक्य छापायला छान होतं.
मला ते तेव्हाच कळलं,
आणि त्याला ते आधीपासून पाठ असावं
असंही वाटून गेलं.

फरहीन मन्सुरीनं वेळ दिली ती पहाटे सव्वापाचची.
कंपनीची कॅब तिला जवाहर मार्गाच्या तोंडाशी सोडते,
पुढे गल्लीत गाडी शिरत नाही.
तेवढं अंतर आम्ही चाललो. मुलाखत तेवढीच.

एका पाळीत आठशे चित्रफिती.
ठेवा, काढा, ठेवा, काढा, काढा.
जेवायला वीस मिनिटं,
डोळे धुवायला वेगळी सुट्टी नाही.

मी विचारलं, काय काय पाहिलंस?

ती थांबली. ओढणी घट्ट केली.
"सांगितलं तर पुन्हा पसरेल.
काढलंय ना मी ते?"

बंद सराफ्यात एक माणूस उकिडवा बसून
नाल्याच्या कडेची माती ब्रशनं गोळा करत होता,
तळलेल्या तेलाची, पायांची, राखेची.
इथे त्याला न्यारिया म्हणतात.
माझ्या आईचा शब्द झारेकरी.
तो माती धुतो, पाण्याबरोबर घाण सोडून देतो,
घमेल्याच्या बुडाशी कणभर सोनं राहतं
आणि त्यावर घर चालतं.

फरहीन त्याच्याकडे बघत राहिली जरा वेळ.
"ह्याचं बरंय," म्हणाली. "ह्याला फेकता येतं."

मग तिची गल्ली आली.

मजकूर मी चार दिवसांत पाठवला.
फरहीनचा भाग गेला, जागा कमी पडली म्हणाले.
चारुहासच्या वाक्याचं मात्र
सुरेख रंगीत चित्र करून त्यांनी सगळीकडे टाकलं,
खाली माझं नाव, बारीक अक्षरात.

सकाळी साडेसात.
सात जणांना आवडलंय.
मग बराच वेळ काही नाही.

बादली भरली आहे, टॉवेल खांद्यावर आहे,
आणि मी न्हाणीघराच्या दाराशी उभी,
हातात फोन,
पाणी निवत चाललंय.