ताणा

मे महिन्यात नागपुरात चेलो शिकवायचा
म्हणजे आधी कूलरमध्ये पाणी भरायचं.
माणसांसाठी नाही, लाकडासाठी.
कोरड्या हवेत खुंट्या आक्रसतात,
रात्री दोनला एखादी तार सुस्कारा टाकून सैल पडते
आणि मला वाटतं, घरात कुणी शिरलं.
साबणाच्या डबीला दाभणानं भोकं पाडून
तिच्यात ओलं फडकं घालते,
डबी ठेवते चेलोच्या पेटीत, मानेखाली.

सदरच्या या मागच्या खोलीत
चेलो चार, मुलं सात.
फरशी गुळगुळीत, टोक सरकतं,
म्हणून प्रत्येकापुढे एक जुनी रबरी चप्पल,
अंगठ्याच्या भोकात चेलोचा पाय.
श्रावस्ती मेश्राम विचारते,
"टीचर, हा एका चपलीत कुठी जाते?"

ऑटोवाला विचारतो, तंबोरा हाय का?
वरचे पांडे विचारतात, एवढं मोठं व्हायोलिन काहून?
मी दोघांनाही हो म्हणते.

पहिले तीन आठवडे नुसता गज धरायचा.
तव्यावरच्या पोळीचा काठ धरतो तसा:
सोडायची नाही, भाजूही द्यायचं नाही.
मग पट्ट्या.
बर्डीवरच्या विजेच्या दुकानातली लाल टेप
मानेवर चिकटवते मी आडवी, चार ठिकाणी.
बोट इथं. बोट इथं.
यापलीकडे माझ्याकडे फारसं काही नाही, असं
काही दिवस वाटतं. मंगळवारी जास्त.

मंगळवारी इशांत पौनीकर येतो,
गोळीबार चौकातून, आजोबांच्या सायकलवर.
आजोबा आत येत नाहीत.
पायरीवर बसतात, टोपी गुडघ्यावर.
बेचाळीस वर्षं मागावर गेली.
माग विकला. मागाचा खड्डा राहिला,
त्यात आता गॅसचं सिलिंडर ठेवतात.

त्या मंगळवारी इशांतचा एकच सूर
पुन्हा पुन्हा बसेना.
बोट पुढे घे, म्हटलं. घेतलं.
आणखी. पट्टी ओलांडून गेलं.
अरे, आणखी!
माझा आवाज चढला, त्याचे कान लाल झाले,
चेलोची मान त्यानं गालाशी दाबून धरली,
बाकीच्या मुलांनी आपापल्या चपला बघितल्या.

पायरीवरून कुणी खाकरलं.
"पोराचं बोट बराबर होतं, बाई.
तुमचा ताणा ढिला हाय."

खुंटी तपासली. उतरली होती,
अर्ध्या सुरानं, गुपचूप.
कूलर घरघरत होता आणि मी,
तीस वर्षं हेच करणारी,
पट्टीकडे बघत होते.

मग ते आत आले. नळावर हात धुतला.
बोटाची मागची बाजू तारेवर टेकवली,
वाजवली नाही, फक्त टेकवली,
ताप बघतात तशी.
"सुताले बी उन्हाळ्यात पाणी माराव लागते.
खळ वाळली का तुटते."
मी त्यांना साबणाची डबी दाखवली.
ते हसले नाहीत. झाकण उघडून वास घेतला,
फडकं दाबून पाहिलं,
"सुकलं," म्हणाले.

इशांतची माफी मी मागितली
पण हळू, नि तो तेव्हा तार पुसत होता,
ऐकलं की नाही, ठाऊक नाही.
त्याच्या चेलोवरच्या पट्ट्या मात्र सोलून काढल्या.
लाल गेलं, चिकट राहिलं;
त्या जागी बोट अजून क्षणभर अडतं
आणि पुढे जातं.

आता तारा लावताना दार उघडं ठेवते.
ऊन फरशीवर येतं, पांडे कुरकुरतात,
कूलरची हवा निघून जाते.
पायरीवरून काही आलं नाही
तर म्हणते, चला, गज उचला.
सगळे उचलतात.
श्रावस्ती सोडून.
ती कपाटाखाली वाकून
चपलेचा दुसरा पाय शोधते आहे.