बिबहेटी : स्थापना साल

सरपंचबाईनं कोरा अर्ज आणून दिला.
"पोस्टमास्तर, तुमाले मालूम असन.
कमानीवर गावाचं साल टाकाचं हाये."
चार चौकोन, चार आकड्यांसाठी.
मी चष्मा पुसला, आणि पुसतच राहिलो.

आधी तर गावच नव्हतं, उतारा होता.
आर्वीच्या बाजाराला जाणाऱ्या कापसाच्या बंड्या
रात्री नाल्याकाठी सुटायच्या,
बिब्यापासून जरा दूर, बिबा उततो म्हणून.
दसरू उईकेची बायको फुलझरी
एका सपाट दगडावर पाण्याचा रांजण ठेवायची.
कोणी मूठभर ज्वारी टाके, कोणी टाकत नसे.
तिचं नाव कुठल्याच कागदात नाही.
दसरूचं आहे :
जंगलातून लाकूड तोडल्याबद्दल आठ आणे दंड.

मग एका बंडीची धाव निखळली, नेमकी इथंच,
म्हणून लोहार आला.
लोहाराला भाता, भात्याला कोळसा,
कोळशाला माणूस, माणसाला भाकर.
रज्जाक पिंजारी गाद्या भरायला आला, चार दिवसांसाठी.
त्याचा पणतू माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.
"झाले का रे चार दिवस?" विचारलं की हसतो.

मग जीन आलं, जीनचा भोंगा आला.
आई सांगायची, तू दुसऱ्या भोंग्याले झाला.
शाळेत मास्तरनं पहिली जून घातली,
साऱ्या वर्गाचीच पहिली जून.
असं गाव, अन् त्याला साल विचारता!

मोजणीवाल्यानं नकाशात 'बिबीहेटी' लिहिलं.
त्या एका वेलांटीपायी सोळा वर्षं
आमच्या चिठ्ठ्या भलत्याच तालुक्यात जाऊन यायच्या.
पुंजाराम ढोकेचं नोकरीचं बोलावणं आलं
तेव्हा तो दोन लेकरांचा बाप होता.
पाकीट मीच दिलं. त्यानं वाचलं, घडी केली,
म्हणाला, अक्षर मोठं सुरेख आहे बाप्पा.

छप्पन्नच्या दसऱ्याआधी खालच्या मोहल्ल्यातून
तीन बंड्या नागपूरला गेल्या.
आठव्या दिवशी परतल्या. बैल तेच, बंड्या त्याच.
भागरता नगराळेनं उतरल्याबरोबर
वरच्या विहिरीत बादली सोडली.
कोणी बोललं नाही.
राहाट तेवढा करकरला, साऱ्या गावानं ऐकला.
हे साल लिहू का?

जीन बंद पडलं. भोंगा भंगारात गेला.
वर्षभर घरोघरी भाकरी करपत होत्या.
डांबरी सडक आली ती गावाला वळसा घालून,
तेव्हापासून दुकानं गावाकडं पाठ करून उभी आहेत.
दोनशे बारा घरं, एक टॉवर,
अन् दिवाळीला पुण्याहून येणारी पोरं,
आल्याबरोबर गच्चीवर चढून रेंज शोधणारी.

संध्याकाळी बिब्याकडे गेलो.
झाड दुसरं आहे, जुन्याच्या मुळातून फुटलेलं.
दगड तोच.
रांजणाच्या बुडानं त्यात पाडलेली गोल वाटी,
वीतभर रुंद, दोन बोटं खोल.
पोरं तिच्यात कंचे टाकून खेळतात.
दोन बोटं दगड झिजायला
किती रांजण, किती उन्हाळे?
गणित मांडलं. चुकलं. पुन्हा मांडलं.
अंधार पडला तशी पोरं कंचे उचलून घरी गेली.

सकाळी चारी चौकोन मोकळे ठेवून
खाली लिहिलं : रांजणापासून.
सरपंचबाई बराच वेळ पाहत राहिली.
"साल पाहिजे ना जी. सायेब वापस पाठवन."
पाठवू दे, म्हटलं, आपल्याला सवय आहे.
ती उठली. दारात थांबली.
"अन् त्या बाईचं नाव काय म्हनलं तुमी?"