ओहोटीला सहा

यंत्र बंदच होतं.
मार्चपासून असावं. दिवा लागायचा, आकडे पळायचे,
गार जेल लावून मी ते गोल डोकं
कंबरांवरून फिरवत राहायचो, आठ मिनिटं मोजून.
दुरुस्तीवाला कोरुन्याहून आला, झाकण उघडून म्हणाला,
आतला स्फटिक तडकलाय केव्हाचा,
यातून काहीच बाहेर पडत नव्हतं.

मार्च ते सप्टेंबर.
रात्री वही काढून नावं मोजली.
शेहेचाळीस जणी. त्यांतल्या एकतीस
जाताना म्हणाल्या होत्या, बरं वाटतंय.

दोसिंदाही म्हणाली होती.
वय एकसष्ट. अडतीस वर्षं
कांबादोसच्या चिखलात ओहोटीमागे चालत जाणारी,
दाताळ्यानं वाळू ओढून तिसऱ्या वेचणारी.
दहापैकी किती दुखतंय? दर वेळी विचारायचो.
ओहोटीला सहा, ती म्हणायची, भरतीला तीन.
अर्जात चौकोन एकच.
मी साडेचार लिहायचो.

दवाखान्याच्या भिंतीवर कण्याचं चित्र आहे,
मणका न् मणका रंगवलेला,
भोवतीचा माणूस तेवढा राहून गेलाय.
खाली सूचना: गुडघ्यात वाका, कंबरेत नको.
वीस वर्षं मी हे सांगत आलो.
एकदा तिनं विचारलं, तुम्ही वाकलात का कधी तिथं?

ऑक्टोबरात गेलो, उसने बूट घालून, अंधारातच.
नडगीपर्यंत चिखल.
गुडघ्यात वाकलो
आणि बसकणच मारली.
बाया हसल्या. इल्दुआरा, सगळ्यांत म्हातारी,
हसू न आवरताच पुढं आली, माझ्या कोपराखाली
नेमका जिथं धरायला हवा तिथं हात घातला,
उचललं.
हे धरणं शिकायला मला चार वर्षं लागली होती.

नऊ वाजून गेले तरी बादली अर्धी.
वाकायचं पूर्वीइतकंच, दोसिंदा म्हणाली,
पण आता दहांतल्या सात मेलेल्या निघतात.
यावर आहे का काही व्यायाम?

नंतर सान्तियागोला बैठक.
ब्रेइशो नावाचा मुलगा, नवा सूट, पडद्यावर अ‍ॅप.
कॅमेरा वाकणं मोजतो, चुकलं तर टोकतो,
दहा झाले की म्हणतो, शाब्बास.
थकत नाही, म्हणाला. रजा घेत नाही.
शेजारच्या आमच्या बाई तावातावानं उठल्या,
माणसाच्या हाताची सर कशाला येणार, वगैरे.
मी गप्प बसलो. सहा महिने मेलेलं यंत्र फिरवलेला मी,
कुठल्या तोंडानं बोलणार?
आणि हातात जादू असते म्हणणाऱ्यांशीही
माझं कधी पटलेलं नाही. माझे हात गार असतात.

मग त्या एकतीस जणींना काय लागू पडलं?
आठ मिनिटं कुणीतरी पाठीशी उभं होतं,
एवढंच?
हे मला पुरतं पटत नाही, कारण उरलेल्या पंधरा.
त्यांच्याही पाठीशी उभा होतोच की.
त्यांना मी अजून काहीच विचारलेलं नाही.

दोसिंदाला सांगून टाकलं, यंत्राचं.
पालथी पडल्या पडल्या, तोंड उशीत, ती म्हणाली,
माहीत होतं. आधी ते कोमट व्हायचं.
मला वाटलं, तुम्हालाही ठाऊक असेल.

बराच वेळ मी तिच्या कंबरेकडे नुसता बघत होतो.
मग विचारलं, आज?
तेच, म्हणाली.

संगणकात लिहिलं: ओहोटीला सहा, भरतीला तीन.
चौकोन लाल झाला.
परत लिहिलं.