ताणा

जुना दोर आता गच्चीवर असतो,
त्यावर आईची पातळं आणि माझे मोजे वाळतात.
मधेच एका जागी तो चपटा झाला होता,
वाकवला की कागदासारखी घडी पडायची,
आत काहीतरी उरलंच नव्हतं.
सम्यकने बोटांनी चाचपला आणि म्हणाला,
हा मेला.

सहा जणांची वर्गणी. सतरा हजार चारशे.
तेवढ्यात एक माणूस थांबवायचा.

इतवारीत गुलाबचंदजी गठ्ठ्यावर पाय ठेवून म्हणाले,
"बेटा, हा घे. ट्रक ओढतो. तसूभर ताणत नाही."
सगळे होते त्यांच्याकडे,
कासरा, दावं, सोल, चऱ्हाट,
बैलाला, बादलीला, विहिरीला, मंडपाला.
पडणाऱ्या बाईला काय बांधतात, ते नव्हतं.
त्यांना कसं सांगू
की न ताणणाऱ्या दोरावर मी एकदा पडले आहे,
दीडच मीटर,
आणि आठ दिवस शिंकताना बरगड्या धरल्या आहेत.

मग कुरिअरने नमुन्याचे दोन तुकडे आले, वीतभर,
एक साडेनऊ मिलीमीटरचा, एक दहाच्या वरचा.
बाबांनी हात धुतले आणि ताटाआधी तेच उचलले.
गोळीबार चौकात चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
टोक उसवलं, वरची वीण मागे सारली,
आतले पांढरे पीळ मोजले. बारा.
सहा उजवीकडे वळलेले, सहा डावीकडे.
"म्हनजे लटकल्यावर तू गरगर फिरत नाही," ते म्हणाले.
तीन वर्षं लटकते आहे मी,
मला माहीत नव्हतं.

"वरचं कापड दगडासाठी. झिजू दे त्याले.
आतला ताणा तुह्यासाठी.
ताण्याले थोडी ढील पाह्यजे वं पोरी,
कडक ताणा पह्यल्या ठोक्याले तुटते."

पाणी न शोषणारा लेप दोन हजार जास्त.
आई हसली. रामटेकपलीकडच्या त्या कातळावर
हिवाळा सोडला तर
हात ठेवायचा नाही, पोळी भाजायची.
लेप गेला.
लांबीवर वाद नव्हता. कातळ तीस मीटर,
जायला तीस, यायला तीस,
उरलेले गाठीला आणि चुकीला.

मला पातळ हवा होता.
गाडी तळ्यापाशी थांबते, पुढे पाऊण तास
सागाच्या वाळक्या पानांतून ओझं.
आणि खरं सांगायचं तर
पातळ तुकडा निळा होता.
"दुसरं टोक कोनाच्या हातात राह्यते?"
सम्यकच्या.
"मंग त्याले इचार."

सम्यक मेश्राम छापखान्यात कागद कापतो.
तळहात जानेवारीतही घामेजलेले.
दोन्ही तुकडे आळीपाळीने मुठीत धरले त्याने,
डोळे मिटून, खांदा मागे टाकून,
मी वरून सुटल्यासारखा.
"जाड," म्हणाला. "रंग कसाही."

रंग नारिंगी आला. संत्र्याचा म्हणू नका कोणी,
विटेचा.

रविवारी पाचव्या खुंटीच्या वर माझा पाय सुटला.
ओरडायचं राहूनच गेलं.
दोर लांबला, एका श्वासाएवढा,
झोळीत मूल टाकल्यावर झोळी खाली येते तेवढा.
खाली सम्यक टाचांवरून उचलला गेला,
मी त्याला पाहिलं, त्याने मला,
आणि दोघंही थांबलो.
गरगरले नाही.

बाबांच्या जुन्या वहीत पूर्वी पातळांचा हिशेब असे,
नग, वार, काठाचा रंग.
कोऱ्या पानांवर आता तारीख, जागा,
दोर कुठे घासला.
"आज किती डाव पडली?"
दोनदा.
"लांब का आखूड?"
एक लांब.
ते लिहितात. मग वेटोळं मांडीवर घेऊन
दोर अंगठ्याखालून हात-हात सरकवत बसतात,
सत्तर मीटर.
आई दोनदा हाक मारते.
भात थंड होतो.