विनंती थांबा

हिंगोलीत, खताच्या दुकानावर
नवा योगा स्टुडिओ. पहिला दिवस फुकट.
जिन्यात युरियाचा वास, वर अगरबत्तीचा.

मॅडम म्हणाल्या, वाका, पायाचे अंगठे धरा.
माझे हात गुडघ्यालाच अडले.
पुढं रस्ता नाही.

मग वृक्षासन.
बँकेतली बाई भिंतीला टेकली,
तिच्यापलीकडची हसत हसत पडलीच.
मी एका पायावर. हलले नाही.
आधी कुठं शिकलात हो?
म्हटलं, सेनगावच्या गाडीत.
अकरा वर्षं, खड्ड्याखड्ड्यात
सुट्टे मोजत.

शेवटी शवासन.
डोळे मिटा, सगळं सोडून द्या.

सोडलं. कंबर सोडली, मान सोडली,
घरी भिजत घातलेली मटकीसुद्धा.
उजवा हात तेवढा
सारखा वर जायला लागला
घंटीच्या दोरीकडं,
कुणाचा तरी फाटा आला म्हणून.