उसन्या खुर्च्या

आईबाबा येणार म्हणून
खालच्या मजल्यावरच्या इल्झेबाईंकडून
दोन खुर्च्या उसन्या आणल्या.
माझ्याकडे एकच होती.
ब्रेमेनमधल्या सहा वर्षांत दुसरीची गरज पडली नाही,
हे कुतैसीला फोनवर कधी बोलले नव्हते.

आईनं जमिनीवर बसूनच बॅग उघडली.
आंबट आलुबुखारांच्या चटणीच्या चार बाटल्या,
बाबांच्या लोकरी मोज्यांत घातलेल्या.
अक्रोड. वाळवलेल्या झेंडूची पूड.
चीजची एक चकती,
जी आणायला बंदी आहे हे तिलाही माहीत होतं.
मग गुडघ्यावर हात टेकून उठली,
स्वयंपाकघरात गेली, खुर्च्यांकडे बघत राहिली.
"खातुना, यांचे पाय वेगवेगळे आहेत."
म्हटलं, इथे तशीच फॅशन आहे.
"असेल," म्हणाली.
आईचं 'असेल' म्हणजे पटलं असं नव्हे,
नंतर बघते, असं.

बाबांनी एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली.
रस्त्यावरच्या तारा उतरवल्या त्या हिवाळ्यात
घरी बसले, ते बसलेच.
इथे तिसऱ्याच दिवशी त्यांना
आमच्या दारावरून जाणारी बस सापडली.
सकाळी सात अठ्ठावीस. पुढची सीट,
ड्रायव्हर दिसेल अशी.
शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, परत यायचं,
लहर लागली तर पुन्हा जायचं.
जर्मन शब्द दोनच येत: गुटन टाग आणि कापुट.
रोज तिथे काय करता हो, विचारलं
तर म्हणाले, "चुकतो का बघतो.
ब्रेक जरा जोरात मारतो पोरगा. सुधारेल."
पोरगा पन्नाशीचा होता.

मी रात्रपाळीला जात होते. वृद्धाश्रमात.
घरी सांगितलं होतं, हॉस्पिटल, रिसेप्शन.
दहाव्या दिवशी आईनं माझा गणवेश धुतला.
धुण्याआधी नाकाशी नेला,
धुतल्यावर पुन्हा साबण लावला,
आणि बाल्कनीत वाळत घालताना
माझ्याकडे पाठ करून म्हणाली,
"तुझ्या आजीचं दोन वर्षं मीच केलं.
मला कोणी पगार दिला नाही."
चिमटा लावला. दुसरा लावला.
त्यावर पुढे कुणीच काही बोललं नाही,
ती नाही, मी नाही,
आणि बाबांना ती सांगेल की नाही हे विचारायची
माझी छाती झाली नाही.

भांडलोसुद्धा. हीटर किती ठेवायचा यावरून,
एका संध्याकाळी तर दारं आपटून.
बाबांनी नळ दुरुस्त केला,
जो गळत नव्हता. आता गळतो.

शेवटच्या रात्री कामावरून आले
तर टेबलाशी एकच खुर्ची.
आई एकेक खुर्ची दोन जिने उतरवून
इल्झेबाईंना देऊन आली होती,
बरोबर चटणीची बाटली.
भाषा? "तिला कळलं," म्हणाली.
तुला कधी कळलं?
"उसनं मागे ठेवून प्रवासाला निघू नये,"
एवढंच म्हणत तिनं पाव कापला.
तिघांनी ओट्याशी उभ्यानंच खाल्लं.
रिकाम्या खुर्चीवर बाबांची टोपी.

मार्चमध्ये एकदा सात अठ्ठावीसची बस पकडली.
ड्रायव्हरनं मला निरखून पाहिलं,
बहुधा नाकावरून ओळखलं.
पुढच्या सीटकडे बोट केलं, भुवया उडवल्या.
मी हातानंच विमान उडवून दाखवलं.
"रोज उतरताना काच ठोकायचे," तो म्हणाला,
"नेला, नेला म्हणायचे. मला वाटलं,
मुलीचं नाव सांगतायत. तूच ना ती?
नेला?"

आमच्याकडे नेला म्हणजे सावकाश.

मागे चारपाच माणसं खोळंबली होती,
कुणाचं तरी मूल बुटानं पायरीला लाथा मारत होतं.

म्हटलं, हो.
मीच.